साध्या वेलीच्या पोटी

टोकियोच्या पूर्वेला, चिबा प्रांतातल्या साकुरा शहरात जपानचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. संग्रहालयाला जोडून एक लहानसं उद्यान आहे. माणसाच्या रोजच्या जगण्यात आलेल्या वनस्पती तिथे लावलेल्या आहेत. 1999पासून दर उन्हाळ्यात या उद्यानात आसागाओंचं प्रदर्शन भरतं. आसागाओ म्हणजे आपल्याकडे जिला गारवेल किंवा निळवेल म्हणतात, त्याच गोतातला वेल. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव आयपोमिया निल. पहाटे उमलणारं, कर्ण्याच्या आकाराचं, ऊन चढलं की मिटणारं त्याचं फूल आपल्या ओळखीचं आहे.

पण या प्रदर्शनातल्या कितीतरी कुंड्यांसमोर ती ओळख पटत नाही. एका फुलाच्या पाकळ्या तळापर्यंत चिरल्या जाऊन त्यांच्या बारीक फिती झाल्या आहेत. दुसऱ्यात प्रत्येक पाकळीची नळी होऊन तिचं टोक वर वळलं आहे. तिसऱ्यात फुलाच्या आत फूल आणि त्याच्याही आत आणखी एक. पानंही तशीच: काही वाळुंजाच्या पानासारखी अरुंद, काही चुरमडलेली, काहींवर पांढरे शिंतोडे. या प्रकारांना जपानीत ‘हेंका आसागाओ’ म्हणजे बदललेले आसागाओ म्हणतात. यातले बरेच प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांमध्ये जसे दिसतात, तसेच आजही फुलतात.

यातल्या सर्वांत देखण्या फुलांना बी धरत नाही. त्यांच्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, आणि जिथे बीजकोश असायचा तिथे दुसरं फूल निघालेलं असतं. वेल वर्षायू आहे. थंडी पडली की मुळासकट वाळतो. ज्याला बी नाही आणि जो एका हंगामापुरताच जगतो, असा वेल दीडशे-पावणेदोनशे वर्षं दर उन्हाळ्यात पुन्हा उगवतो कसा?

उत्तर त्याच्या भावंडांमध्ये आहे. त्याच बोंडातल्या, साधं फूल देणाऱ्या वेलींमध्ये. त्या वेली कुणी प्रदर्शनात मांडत नाही. जुनं वाण जपणं म्हणजे काय, हे मला या साध्या वेलींइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेही सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठीच हा लेख.

औषधाच्या पुडीतून एडोच्या अंगणात

आसागाओ जपानचा मूळ रहिवासी नव्हे. आठव्या शतकात, नारा काळात, तो चीनमधून औषध म्हणून आला. त्याचं काळं, तिकोनी बी तीव्र रेचक आहे. आपल्याकडेही काष्ठौषधींच्या दुकानात ‘काळा दाणा’ नावाने मिळतं ते याच जातीचं बी, आणि उपयोगही तोच: जुलाबासाठी. वैद्याच्या पुडीतला हा दाणा शतकानुशतकं औषध म्हणूनच पेरला गेला. फूल निळं, साधं, एकाच तऱ्हेचं होतं.

खरं वेड आलं एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत. 1806 साली एडोत मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग जळाला. शिताया भागात ज्या जागा मोकळ्या पडल्या, तिथे माळ्यांनी आसागाओ लावायला सुरुवात केली. तिथून जवळच ओकाचिमाची ही हलक्या दर्जाच्या सामुराईंची वस्ती होती. लढाया संपून दोन शतकं होत आली होती आणि शिधा तुटपुंजा होता. घरामागे थोडी जागा असे आणि हाताशी वेळ भरपूर. या मंडळींनी जोडधंदा म्हणून आसागाओ वाढवला. साध्या पेरणीत अधूनमधून एखादं वेडंवाकडं पान किंवा फाटकं फूल निघे. दुसऱ्या कुणी ते उपटून टाकलं असतं. यांनी ते बाजूच्या कुंडीत हलवलं.

1804 ते 1830 या काळात ही लाट पहिल्यांदा उसळली आणि 1848 ते 1860 या काळात दुसऱ्यांदा, अधिक जोराने. फुलांच्या स्पर्धा भरत. विजेत्यांच्या याद्या सुमो मल्लांच्या क्रमवारीसारख्या मांडून छापल्या जात. नारितया तोमेजिरो नावाचा रोपवाला या दुसऱ्या लाटेत विशेष गाजला. 1854 साली ‘आसागाओ सांज्युरोक्कासेन’ हे छत्तीस निवडक फुलांचं चित्रमय पुस्तक निघालं. त्यातली चित्रं हात्तोरी सेस्साई या चित्रकाराची. ती इतकी काटेकोर आहेत की आजचा संशोधक नुसतं चित्र बघून त्या वेलीत कोणकोणते बदल एकवटले होते हे सांगू शकतो.

त्या मंडळींची नावं देण्याची रीतही तशीच काटेकोर. पानाचा रंग, पानावरची नक्षी, पानाचा आकार, खोडाची ढब, मग फुलाचा रंग, फुलावरची नक्षी, फुलाची घडण आणि शेवटी ते दुहेरी आहे की नाही, हे सगळं ओळीने एकाच नावात गुंफलेलं. ते नाव म्हणजे त्या वेलीचं सबंध वर्णन. पुढच्या वर्षी पेरणाऱ्याला आपण काय शोधतो आहोत, हे त्या नावातूनच कळे.

भावंडांचं गणित

आसागाओ वाढवणारे आपल्या वेलींचे दोन गट करतात. पहिला ‘मासाकी’: यात बदल असतो, पण फूल सुपीक असतं. त्याला बी धरतं आणि त्या बीतून तसंच झाड येतं. दुसरा ‘देमोनो’: यात अनेक बदल एकत्र आलेले असतात, फूल अद्भुत असतं आणि वांझ असतं. मासाकी जपणं सोपं आहे. देमोनो जपायला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त लागते.

आज आपण हे आनुवंशिकतेच्या भाषेत सांगू शकतो. दुहेरी फूल देणारा गुण अप्रभावी आहे. तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. एकाच बाजूने आला तर झाड साधंच दिसतं, पण तो गुण आत वाहत असतं. अशा वाहक वेलीने स्वतःच्याच परागावर धरलेलं बी पेरलं, तर सरासरी चार रोपांत एक देमोनो निघतं. उरलेली तीन साधी. त्या तिघांपैकी दोघांच्या पोटात तो गुण असतो, एकात नसतो. आणि बाहेरून ही तिन्ही झाडं अगदी सारखी दिसतात.

मग वाहक ओळखायचा कसा? एकच मार्ग आहे. प्रत्येक साध्या भावंडाचं बी वेगळं काढायचं, वेगळ्या पाकिटात भरायचं, त्यावर खूण करायची आणि पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरायचं. ज्या ओळीत पुन्हा अद्भुत फूल निघालं, तिची आई वाहक. ज्या ओळीत सगळीच साधी निघाली, ती ओळ संपली. दोन अप्रभावी गुण एकत्र हवे असतील तर सोळांत एक, तीन हवे असतील तर चौसष्टांत एक. एखाद्या देखण्या फुलासाठी शेकडो बिया पेराव्या लागतात त्या यामुळे.

एडोतल्या सामुराईंना जनुक ठाऊक नव्हतं. मेंडेलने वाटाण्यावरचा निबंध 1865 साली वाचून दाखवला आणि पुढच्या वर्षी तो छापला गेला. आसागाओची दुसरी लाट त्याच्या आधीची. म्हणजे त्या सिद्धान्ताला शब्द मिळण्यापूर्वीच, भावंडांचं बी राखायचं, ही रीत या लोकांनी हाताने शोधली होती. देखणं फूल हे आपलं फळ आणि साधी वेल हे आपलं भांडवल, हे त्यांना कळलं होतं.

त्यांनी आणखी एक कसब कमावलं: दोन दलांवर आलेलं रोप वाचायचं. मातीतून वर येणारी पहिली दोन पानं, म्हणजे बीजपत्रं, पुढच्या वेलीबद्दल बरंच सांगतात. बीजपत्रं अरुंद असली तर पान वाळुंजासारखं निघेल. कडा वळलेल्या असल्या तर नळीच्या पाकळ्यांचं फूल येण्याची आशा. शेकडो रोपांच्या वाफ्यातून जाणकार मोजकी रोपं उचलतो. पण दुहेरी फुलाचा गुण बीजपत्रात दिसत नाही; त्यासाठी कळी येईपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून निवडलेल्यांबरोबर साधी रोपंही वाढवतात, त्यांनाही काठी देतात, पाणी देतात. पुढच्या वर्षाची बेगमी त्यांच्याच बोंडांत असते.

इरियाची पहाट

एकीकडे ही दुर्मीळ फुलं, आणि दुसरीकडे सगळ्यांच्या घरची. टोकियोच्या ताइतो भागात, किशिमोजिनच्या मंदिराभोवती, दरवर्षी 6 ते 8 जुलै असे तीन दिवस इरियाचा आसागाओ बाजार भरतो. मेइजी काळात तो नावारूपाला आला. शहर वाढलं, शेतं हटली, माळी पांगले आणि 1913 साली बाजार बंद पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर, बेचिराख झालेल्या टोकियोत, 1948 साली तो पुन्हा सुरू झाला. ज्या शहरात घरं उभी राहायची होती, तिथल्या लोकांना आधी आपला फुलांचा बाजार परत हवासा वाटला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

बाजार पहाटेच जागा होतो, कारण फूल पहाटेच बघायचं असतं. रस्त्याच्या कडेला ओळीने दुकानं. कुंडीत बांबूच्या तीन काठ्या, त्यांना वरखाली गोल कड्या आणि त्यांवरून चढवलेला वेल. जुन्या कागदी कंदिलाच्या आकाराची ही मांडणी. इरियाच्या एका कुंडीत बहुधा चार रंगांचे चार वेल एकत्र लावतात, म्हणजे रोज सकाळी वेगळाच मेळ फुलतो. गिऱ्हाईक उमललेलं फूल बघत नाही, कळ्या मोजतं. आज उमललेलं फूल दुपारी जाणार. कळ्या उद्याच्या असतात. काथ्या रंगाच्या ‘दांजुरो’ नावाच्या फुलाला नेहमीच मागणी. काबुकी नटांच्या इचिकावा दांजुरो या घराण्याच्या रंगावरून ते नाव पडलं.

जपानी मुलांची तर या वेलीशी पहिलीतच गाठ पडते. बहुतेक प्राथमिक शाळांच्या पहिल्या वर्गात प्रत्येक मूल आपापल्या कुंडीत आसागाओ पेरतं, निरीक्षणाची वही ठेवतं आणि उन्हाळ्याच्या सुटीत कुंडी उचलून घरी नेतं. बी, रोप, कळी, फूल, बोंड आणि पुन्हा बी, हा सगळा फेरा मूल एका वर्षात स्वतःच्या हाताने पुरा करतं. निइगाता प्रांतातल्या अझामिहिरा या डोंगरी गावात 2003 साली चित्रकार कात्सुहिको हिबिनो यांनी गावकऱ्यांबरोबर आसागाओ लावला. त्या वेलींचं बी नंतर गावोगावी गेलं, प्रत्येक गावाने आपलं बी पुढच्या गावाला दिलं. फुलापेक्षा बीच्या देवाणघेवाणीवर उभा राहिलेला हा उपक्रम आहे.

उड्या मारणारं जनुक

1900 साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि जपानी शास्त्रज्ञांना कळलं की आपल्या अंगणात अभ्यासाचं केवढं साहित्य तयार पडलं आहे. योशिताका इमाई यांनी 1920 आणि 1930च्या दशकांत आसागाओच्या गुणांचे गुणसूत्रांवरचे नकाशे तयार केले. युद्धानंतर मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत यो ताकेनाका यांनी निरनिराळे वाण गोळा करून राखले. आज मुख्य संग्रह क्यूशू विद्यापीठात आहे. एइजी नितासाका आणि त्यांचे सहकारी तो सांभाळतात. दीड हजारांच्या आसपास वाण. ते थंड जागी साठवतात, आणि पाळीपाळीने पेरून त्यांचं बी ताजं करून घेतात. संग्रहातही देमोनोंची जपणूक एडोच्या रीतीनेच होते: साध्या भावंडांच्या बीतून.

2016 साली आसागाओचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात सुमारे 43 हजार जनुकं मिळाली आणि ‘टीपीएन 1’ गटातले सुमारे 340 उड्या मारणारे तुकडे. गुणसूत्रावरची आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसणारे हे तुकडे एखाद्या जनुकाच्या मधोमध घुसले की त्या जनुकाचं काम बंद पडतं. एडोतल्या बहुतेक नवलाईचं मूळ हेच आहे. रंगाच्या जनुकात तुकडा बसला तर फूल पांढरं. वाढता वाढता काही पेशींतून तो निसटला तर तेवढ्या जागी रंग परत येतो. पांढऱ्या फुलावरचे निळे-लाल शिंतोडे आणि पट्टे असे पडतात. एकाच वेलीवरची दोन फुलं त्यामुळे कधी सारखी नसतात.

निळ्या रंगाची गोष्टही अशीच. कळी गुलाबी-जांभळी असते आणि उमलताना निळी होते, हे गारवेल ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असेल. ‘हेवनली ब्लू’ या मेक्सिकन भावंडावर कुमी योशिदा आणि सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवलं की पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू उमलताना 6.6वरून 7.7वर जातो. रंगद्रव्य तेच राहतं. रस आम्लाकडून अल्काकडे सरकतो आणि डोळ्यांना निळं दिसतं. आसागाओत हे काम करणारं जनुक 2000 साली सापडलं. ते मोडलं की फूल जांभळंच राहतं.

एडोच्या लिखाणांत आणि चित्रांत पिवळ्या आसागाओचा उल्लेख येतो. तो पिवळा रंग पुढे कधीतरी गेला. 2014 साली ओकाझाकीची राष्ट्रीय मूलभूत जीवशास्त्र संस्था, कागोशिमा विद्यापीठ आणि सन्टोरी कंपनीच्या संशोधकांनी स्नॅपड्रॅगनच्या जनुकांचं साहाय्य घेऊन पिवळं फूल घडवलं. विज्ञानाचा हा पराक्रम खराच. पण जे कुणाच्या तरी परसात फुलत होतं, ते परत बघायला तीन मोठ्या संस्थांना राबावं लागलं, हाही त्याच बातमीचा भाग आहे. एका पिढीने साध्या भावंडांचं बी पेरलं नाही की एवढी किंमत द्यावी लागते.

आयोवातल्या आजोबांचा वेल

जपानपासून फार दूर, अमेरिकेच्या आयोवा राज्यात, या कुळातल्या दुसऱ्या जातीची कथा घडली. आयपोमिया पर्प्युरिया ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. ती युरोपात गेली आणि एकोणिसाव्या शतकात बव्हेरियाहून आलेल्या स्थलांतरितांच्या सामानातून पुन्हा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आली. सेंट लुकस गावच्या बॅप्टिस्ट जॉन ओट यांच्या घरी हा वेल वर्षानुवर्षं वाढत होता: गर्द जांभळं फूल, आत लालसर चांदणी. त्यांनी आपल्या नातीला, डायान ओट व्हीली यांना, हे बी दिलं. लवकरच ते वारले. आता ते बी आपल्या घराण्यात एकट्या आपल्याच हाती आहे, हे नातीच्या लक्षात आलं. अशी किती बियाणी म्हाताऱ्या हातांबरोबर संपत असतील, या विचारातून 1975 साली डायान आणि त्यांचे पती केंट व्हीली यांनी बियाण्यांच्या देवाणघेवाणीचं जाळं उभं केलं. तीच आजची ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’. डेकोरा गावाजवळच्या तिच्या शेतावर वीस हजारांहून अधिक वाण राखलेले आहेत. आजोबांचा वेल तिथल्या कोठाराच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात चढतो.

याच जातीवर चार्ल्स डार्विन यांनी दहा पिढ्या प्रयोग केला होता. एका बाजूला स्वतःच्याच परागाने धरलेलं बी, दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या झाडांच्या संकराचं. दोन्ही एकाच कुंडीच्या दोन कडांना पेरून ते उंची मोजत. 1876 साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथात निष्कर्ष आहे: संकरित रोपांची उंची 100 धरली तर स्वपरागित रोपांची सरासरी 77. पण सहाव्या पिढीत एक स्वपरागित रोप आपल्या जोडीदाराच्या पुढे गेलं. डार्विननी त्याला ‘हीरो’ नाव दिलं, आणि त्याची संततीही जोमदार निघाली. पुढच्या पिढ्यांत स्वपरागित वेलींची फुलं एकाच छटेची होत गेल्याची नोंदही त्यांनी केली.

बी राखणाऱ्यासाठी यात दोन धडे आहेत. स्वपरागाने वाण शुद्ध राहतं, म्हणून आजोबांचा रंग नातीपर्यंत तसाच पोचतो. पण एकाच झाडाच्या बीवर विसंबलं तर जोम ओसरू शकतो. म्हणून बी एका देखण्या वेलीचं घेऊ नये. सात-आठ वेलींचं घ्यावं आणि त्यात कमी देखण्यांनाही जागा द्यावी.

आपल्या मातीत

या कुळाशी आपला संबंध मुळीच दूरचा नाही. कोकणच्या पुळणीवर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल याच कुळातली. पिसासारख्या पानांची, लाल चांदण्यांची गणेशवेल याच कुळातली. एकादशीचं रताळंही याच कुळातलं. जपानमध्ये रताळ्याचे नवे वाण करताना त्याला फुलं यावीत म्हणून त्याची फांदी कुळातल्याच दुसऱ्या वेलीवर कलम करतात. आणि ओढ्याकाठी माजलेली बेशरमही याच कुळातली, दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिच्याकडे बघून एक सावधगिरी शिकायची: परदेशी गारवेल शेताच्या बांधावर किंवा रानाच्या कडेला लावू नये, बोंडं फुटून बी उधळण्याआधी काढून घ्यावीत. गच्ची, खिडकीचे गज, अंगणातला मांडव ही तिची जागा.

पेरणी ज्येष्ठ-आषाढात, पहिला पाऊस स्थिरावल्यावर करावी. बीचं कवच कठीण असतं. दाण्याच्या टोकाशी जिथे देठाची खूण आहे ती बाजू सोडून, पाठीवर कानशीने किंवा खरकागदाने हलकेच घासावं, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात ठेवावं. सकाळी जे दाणे फुगलेले असतील ते बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्या खोलीवर पेरावेत. न फुगलेले पुन्हा घासावेत. तीन-चार दिवसांत बीजपत्रं वर येतात. माती पाणी झिरपणारी हवी. शेणखत बेताचं घालावं, कारण नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात. सहा-आठ पानं झाल्यावर शेंडा खुडला तर बगलेतून फांद्या फुटतात आणि कळ्या वाढतात. वेल वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने वळतो. दोरीला गुंडाळताना त्याच दिशेने गुंडाळावा, नाहीतर तो स्वतःला सोडवून घेतो.

आसागाओ रात्र मोजणारी वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरते. ‘व्हायोलेट’ नावाचा एक वाण तर इतका संवेदनशील आहे की नुकत्याच उगवलेल्या रोपाला एक लांब रात्र मिळाली तरी त्याची फुलण्याची तयारी सुरू होते. टोकियोत सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा, मुंबईत सव्वातेरा तासांचा. म्हणजे आपल्या रात्री उन्हाळ्यातही तिथल्यापेक्षा लांब. म्हणून इथे वेल लवकर फुलावर येतो, आणि हिवाळ्यात पेरला तर चार पानांवरच कळी धरून खुरटतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलं तर अंगात बळ आल्यावर फुलतो आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोजची पहाट सजवतो. कळी अंधार पडल्यापासून सुमारे दहा तासांनी उमलते. गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर तिचं वेळापत्रक बिघडतं.

बी राखायला ही वेल नवशिक्यालाही साथ देते. आसागाओची पाचही पुंकेसरं उमलण्याच्या सुमारास लांब होत स्त्रीकेसराला घासून वर जातात, त्यामुळे परागीभवन बहुधा फूल उघडण्यापूर्वीच उरकतं. तरीही दोन रंग शेजारी असतील आणि वाण शुद्ध हवं असेल, तर आदल्या संध्याकाळी फुगलेल्या कळीच्या टोकाला दोरा बांधून ठेवावा. फूल गळाल्यावर दोरा देठाला बांधला की खूण राहते. महिना-सव्वा महिन्यात बोंड तपकिरी होतं. एका बोंडात तीन कप्पे, प्रत्येकात दोन, असे जास्तीत जास्त सहा दाणे. सावलीत आठवडाभर वाळवून, कागदी पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवावेत. हे बी विषारी आहे. लहान मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी जाणार नाही अशा जागी असावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान भाज्यांचं आणि धान्यांचं बियाणं राखल्याबद्दल. त्यांचं काम अन्नाचं आहे, आसागाओचं काम डोळ्यांच्या सुखाचं. पण दोन्हींचं गुपित एकच. बियाणं डब्यात ठेवून टिकत नाही. डबा त्याला काही वर्षं थांबवून ठेवतो, एवढंच. पेरलं, वाढवलं, पुन्हा काढलं आणि दुसऱ्याला दिलं तरच ते टिकतं. इरियाचा बाजार बंद पडूनही पुन्हा भरू शकला, आजोबांचा वेल आजोबांनंतरही भिंतीवर चढतो, कारण मधल्या काळात कुणीतरी न विसरता पेरत होतं.

आपण बियाणं राखताना नेहमी उत्तम तेवढं निवडतो: सर्वांत मोठं फूल, सर्वांत गडद रंग. ही सवय धान्याच्या बाबतीत बरीच वर्षं उपयोगी पडली आहे. पण एकाच गुणाच्या मागे लागलं की बाकीचं हातातून निसटतं, आणि निसटलेलं परत आणणं किती अवघड, हे एडोच्या पिवळ्या फुलाने दाखवून दिलं आहे. दुर्मीळ गुण बहुधा साध्या झाडांत दडून पिढ्या ओलांडतो. तो कुठल्या झाडात आहे हे बघून कळत नाही, पेरूनच कळतं. म्हणून राखणाऱ्याने साध्या झाडांशी उदारपणे वागायला हवं, आणि त्यांची नोंद देखण्यांइतकीच नीट ठेवायला हवी.

तर या हंगामात बोंडं वाळतील तेव्हा तीन पाकिटं करा. पहिलं पुढच्या पेरणीसाठी. दुसरं फ्रिजमध्ये, पाऊस फसला किंवा रोपं गेली तर हाताशी असावं म्हणून. तिसरं शेजारच्या घरी, म्हणजे तुमच्याकडचं संपलं तर मागायला जागा राहील. प्रत्येकावर वर्ष, रंग आणि आईवेलीची खूण लिहा. आणि ज्या वेलीवर मनाजोगतं फूल आलं नाही, तिचं बी फेकू नका. वेगळ्या पाकिटात भरा आणि पुढच्या ज्येष्ठात तेही वेगळ्या ओळीत पेरा.